एंजल क्लेअर दुभंगलेला आहे, पण कुणाच्या जिवावर?



पेट झाली की पुढचा डोंगर म्हणजे सिनॉप्सिस. आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यातून इंग्रजीत एम.ए. करून या टप्प्यावर आलेल्यांच्या वह्यांत एक विषय हमखास सापडतो. एखादी इंग्रजी शोकान्त प्रेमकथा घ्यायची, तिच्यातलं एक पात्र उचलायचं आणि त्यावर 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' अशी पाटी लावायची. थॉमस हार्डीची १८९१ची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही त्यातली लाडकी कादंबरी आणि एंजल क्लेअर हे लाडकं पात्र. गाइडांमध्ये त्याच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य असतं, की तो विचारांनी आधुनिक आणि संस्कारांनी जुना आहे. वाक्य बरोबरच आहे. पण अशा सिनॉप्सिसवर समितीतलं कुणीतरी एकच प्रश्न विचारतं आणि मुलं गारठतात: दुभंगलेला आहे, बरं, मग? कोण नाही?

त्या 'मग?'चं एक उत्तर इथे मांडून बघतो. माझं म्हणणं थोडक्यात असं, की एंजलच्या मनाला गेलेला तडा वर्गातून आलेला आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. टेससुद्धा दुभंगलेली आहे, त्याला भेटण्याच्या कितीतरी आधीपासून. पण त्याला ते परवडतं. तिला परवडत नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट झटपट सांगतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचं एक खेडं. जॉन डर्बीफील्ड हा गावात माल गोळा करून बाजारात नेऊन विकणारा माणूस. एका पाद्र्याकडून त्याला कळतं की आपलं आडनाव म्हणजे डर्बरविल या जुन्या सरदार घराण्याच्या नावाचा अपभ्रंश. तो हवेत जातो. पुढे थोरली मुलगी टेस रात्रीची गाडी हाकत असताना घरचा एकुलता घोडा अपघातात मरतो, धंदा बसतो, आणि ती त्या नावाच्या श्रीमंत 'नातेवाइकां'कडे पाठवली जाते. तिथला अ‍ॅलेक तिचा घात करतो. मूल होतं, मरतं. काही काळाने ती दूरच्या एका गौळवाड्यावर दूध काढायच्या कामाला लागते. तिथे शेती शिकायला आलेला पाद्र्याचा मुलगा एंजल भेटतो, प्रेम होतं, लग्न होतं. पहिल्या रात्री दोघं एकमेकांना आपला भूतकाळ सांगतात. ती त्याला माफ करते, तो तिला करत नाही. तो ब्राझीलला निघून जातो, ती दारिद्र्यात शेतमजुरी करते, शेवटी घरच्यांसाठी अ‍ॅलेककडे परतते. एंजल उशिरा परत येतो. ती अ‍ॅलेकला ठार करते आणि फाशी जाते.

आता पहिलं काम. टेसचा वर्ग कोणता? गाइडात 'गरीब शेतकऱ्याची मुलगी' असं लिहिलेलं असतं. आर्नल्ड केटल या मार्क्सवादी समीक्षकाने १९५३ साली ही कादंबरी म्हणजे इंग्लंडमधल्या शेतकरीवर्गाच्या विनाशाची कहाणी आहे असं मांडलं, आणि ते वाचन बरीच वर्षं चाललं. रेमंड विल्यम्स यांनी १९७३च्या 'द कंट्री अँड द सिटी'त त्याला थेट छेद दिला. त्यांचं म्हणणं असं, की टेस ही जमीनदाराने फसवलेली कुळाची पोर नव्हेच. ती हयातीच्या कराराने घर धरून असलेल्या एका छोट्या व्यापाऱ्याची मुलगी आहे, आणि तिचा घात करणारा हा धंद्यातून निवृत्त झालेल्या पैसेवाल्याचा मुलगा आहे. अ‍ॅलेकच्या बापाने उत्तरेत पैसा कमावला, मग ब्रिटिश म्युझियममध्ये बसून नामशेष घराण्यांची नावं चाळली आणि त्यातलं एक आपल्या नावाला जोडलं. म्हणजे खरं नाव गरिबाकडे आणि विकत घेतलेलं श्रीमंताकडे.

हे बारकावे एवढ्यासाठी की टेसचं घर मधलं आहे. ना मजूर, ना शेतकरी. अशा घराचं सगळं एका वस्तूवर टांगलेलं असतं. त्यांच्याकडे तो घोडा होता. आपल्याकडे तो हप्त्यावर घेतलेला टेम्पो असतो, नाहीतर एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी, जिच्यात पर्मनंट होणार होणार म्हणून दहा वर्षं जातात. अशा घरातून कॉलेजात आलेली मुलगी तुमच्या वर्गात असेल. कदाचित ती तुम्हीच असाल.

आणि घर. डर्बीफील्डांचं घर तीन हयातींच्या कराराने होतं आणि जॉन हा त्यातला शेवटचा. तो मरतो आणि कुटुंब रस्त्यावर येतं. टेस अ‍ॅलेककडे परत जाते त्याचं तातडीचं कारण हे आहे. ज्यांनी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठताना पाहिली, त्यांना घर जाण्याचा अर्थ शिकवायला नको. कारण वेगळं, कायदा वेगळा, पण डोक्यावरचं छप्पर कुणाच्या सहीने टिकतं हा प्रश्न तोच. प्रेमकथा वाचताना आपण हे प्रकरण भराभर उलटतो, कारण त्यात प्रेम नसतं.

टेस दुभंगलेली आहे असं म्हणालो. कशी? हार्डी हे तिसऱ्याच प्रकरणात सांगून टाकतो. तिची आई बोलीच बोलते. टेस लंडनमध्ये तयार झालेल्या शिक्षिकेच्या हाताखाली गावच्या शाळेत सहावी इयत्ता पास झालेली आहे, आणि ती दोन भाषा बोलते: घरात बहुतेक बोली, बाहेर आणि मोठ्या माणसांशी शाळेची इंग्रजी. आई आणि मुलीमध्ये त्याने दोनशे वर्षांचं अंतर मोजलं आहे. शिक्षिका व्हायची तिची इच्छा होती, हे तो पुढे जाता जाता सांगतो आणि सोडून देतो.

आपल्या भागात हे वाक्य वेगळं ऐकू येतं. घरी मांगेली किंवा वाडवळी किंवा वारली, शाळेत प्रमाण मराठी, पुढे इंग्रजी. प्रेझेंटेशनच्या दिवशी तोंडातून घरचा शब्द निसटला की कान तापतात. ब्रिटिश समीक्षकाला टेसच्या दोन भाषा ग्रंथालयात बसून शोधाव्या लागतात, आपल्याकडे त्या ओट्यावर मिळतात. हे आपलं भांडवल आहे. मात्र भांडवल म्हणजे पुरावा नव्हे. प्रबंधात 'मलाही असंच वाटतं' चालत नाही. कुठल्या प्रसंगात ती कुठली भाषा वापरते आणि ऐकणारा काय करतो, हे पानोपान दाखवावं लागतं.

आता एंजल. त्याच्याकडे बघायचं तर अठराव्या प्रकरणातली जेवणाची जागा बघा. गौळवाड्यावरचे सगळे एका लांब टेबलाभोवती बसतात. एंजल त्याच खोलीत, पण चुलीजवळच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या फळीवर त्याची वेगळी कपबशी मांडलेली. मालकिणीचंच म्हणणं की एवढ्या खानदानी माणसाने आपल्या पंगतीत बसायचं कसं. तो ते मान्य करतो. तिथून तो खिडकीच्या उजेडात वाचतो आणि हळूहळू त्याला जाणवतं, की वर्तमानपत्रातला तो ढोबळ 'खेडवळ मजूर' प्रत्यक्षात कुठे नाहीच. इथे प्रत्येक जण वेगळा आहे, कुणी हुशार, कुणी खुळा, कुणी दुःखी. हार्डीने हा बदल फार प्रेमाने लिहिला आहे आणि एंजल खरंच बदलतो. पण कोपऱ्यातून उठत नाही.

आणि तो इथे आला कसा? देवाधर्मावर विश्वास नाही म्हणून पाद्री व्हायला नकार दिला, म्हणून बापाने केंब्रिजला पाठवलं नाही. हा त्याग आहे, नाही असं नाही. पण त्याचे वाचलेले पैसे बापाने त्याच्यासाठी बाजूला ठेवले आहेत, पुढे जमीन घ्यायला. ज्या शेणामुतात टेस पोटासाठी उभी आहे तिथे तो अनुभवासाठी उभा आहे. फील्डवर्क म्हणा हवं तर. (यावर आपण संशोधकांनी जरा खाकरायला हरकत नाही.)

त्यानंतर तिसावं प्रकरण वाचा. पावसात दोघं दुधाचे कॅन घेऊन स्टेशनवर जातात. टेसच्या मनात येतं, हे दूध उद्या सकाळी लंडनमधली माणसं पिणार, ज्यांना आपण कधी पाहिलं नाही आणि ज्यांना आपण कोण हे माहीत नाही. सातपाटीचं पापलेट आणि घोलवडचा चिकू मुंबईला जाताना बघणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. परतीच्या वाटेवर ती आपला भूतकाळ सांगायला जाते, धीर सुटतो, आणि त्याऐवजी सांगते की आपण मूळच्या डर्बरविल. तिला भीती आहे, कारण त्याला जुन्या घराण्यांचा तिटकारा आहे हे गौळवाड्यावर सगळ्यांना माहीत. आणि तो? तो खूश होतो! समाज घराण्याला भाळतो, आईला सून पसंत पडायला सोपं जाईल, तू आजपासून नाव नीट लिहीत जा, असं त्याचं म्हणणं. तत्त्व म्हणून घराणं नको आणि सोय म्हणून हवं. दुभंगाची पहिली ठोस जागा ही. गाइडवाले बहुधा थेट लग्नाच्या रात्रीवर उडी मारतात.

लग्नाची रात्र म्हणजे चौतीस-पस्तिसावं प्रकरण. आधी तो तिला घराण्यातले हिऱ्यांचे दागिने घालायला लावतो आणि गौळण बघता बघता मोठ्या घरची बाई दिसू लागते. मग कबुली. लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर घालवलेल्या अठ्ठेचाळीस तासांची त्याची, आणि नंतर तिची. पुढे तो रागात काय बोलतो ते नीट बघा. एकदा तो तिला जवळजवळ अडाणी कुणबीण ठरवतो, समाजाच्या रीतीभातीचं मोजमाप नसलेली. ती उत्तर देते की परिस्थितीने मी तशी असेन, स्वभावाने नाही. लगेच तो उलटतो आणि म्हणतो, की जुनी घराणी सडली की माणसांची इच्छाशक्तीही सडते. मला वाटलं तू निसर्गाचं ताजं लेकरू, आणि तू तर मेलेल्या सरदारीचा उशिरा उगवलेला कोंब निघालीस.

एकाच संभाषणात ती त्याच्या लेखी खालच्या वर्गाची म्हणून दोषी आणि वरच्या वर्गाची म्हणूनही दोषी. तिसावं प्रकरण शेजारी ठेवलं की चित्र पूर्ण होतं. तेच नाव तिथे आईला खूश करायला कामाचं होतं, इथे ते रोगाचं निदान झालं. मला तरी सगळ्या कादंबरीत याहून बोलका पुरावा दिसत नाही. एंजलकडे वर्गाची दोन्ही टोकं हत्यारासारखी हाताशी आहेत आणि तो हवं ते उचलतो. टेसकडे एकही नाही. तिचं तेवढं एक वाक्य आहे, आणि ते ऐकायच्या अवस्थेत तो नाही.

याच्या समोर चव्वेचाळिसाव्या प्रकरणातले बूट ठेवा. नवरा परदेशात, पैसे संपलेले, टेस भर हिवाळ्यात पंधरा मैल चालत सासऱ्यांच्या गावी जाते. वेशीपाशी ती चालायचे जाड बूट काढून कुंपणात लपवते आणि चांगले पातळ बूट घालते. स्टेशनच्या जिन्याखाली चिखलाची चप्पल बदलून सँडल घालणारी मुलगी तुम्ही पाहिली असेल, तेच. सासू-सासरे चर्चमध्ये. परत फिरताना एंजलचे दोघे भाऊ तिच्या मागून चालत येत असतात, धाकट्याने केलेल्या लग्नाबद्दल हळहळत. पुढे त्यांच्यातल्याच एकाला ते बूट सापडतात. कुणा भामट्याने अनवाणी दिसून दया मिळवायला लपवले असतील, असा निष्कर्ष निघतो आणि बूट गरिबाला द्यायला म्हणून नेले जातात. टेसचा धीर खचतो, ती सासऱ्यांना न भेटताच परतते. हार्डी सांगतो की तो म्हातारा प्रत्यक्षात दयाळू होता, तिला जवळ केलं असतं. परतीच्या त्याच वाटेवर तिला अ‍ॅलेक पुन्हा दिसतो.

टेसचा दुभंग हा असा दोन जोड बुटांचा आहे. एका जोडाने पोहोचायचं, दुसऱ्याने दिसायचं, आणि एक जोड गेला की सगळं गेलं. एंजल मात्र कोपऱ्यातल्या फळीवरून उठून ब्राझीलला जाऊ शकतो. जाता जाता इझ या दुसऱ्या गौळणीला बरोबर चल म्हणून विचारूही शकतो, लग्नाशिवाय. ज्या समाजाच्या भीतीने बायको टाकली त्या समाजाची भीती इथे कुठे गेली? गौळण आहे, चालेल, एवढंच त्यामागे दिसतं. थोड्या वेळाने त्याला पश्चात्ताप होतो, तेही खरं.

एंजल आणि अ‍ॅलेक हे दोन पुरुष की एकाच्याच दोन बाजू, हाही एक धागा आहे. मायकेल विंटरबॉटमने २०११च्या 'तृष्णा' या चित्रपटात कथा राजस्थानात आणि मुंबईत आणली आणि दोघांचा मिळून जय नावाचा एकच श्रीमंत तरुण केला. आधी प्रेमळ, मग मालक. चित्रपट म्हणून तो मला अर्धवट वाटतो, तृष्णाला बोलायला फारसं काही दिलेलंच नाही. पण समीक्षा म्हणून ती निवड धारदार आहे. नायिकेच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही पुरुषांच्या हातात एकच गोष्ट असते, येण्याजाण्याची मोकळीक.

तुलनेसाठी मराठीत कुठे बघाल? माझं मत विजय तेंडुलकरांच्या १९८३च्या 'कन्यादान'कडे जातं. नाथ देवळालीकर समाजवादी. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न ठरवते तेव्हा घरात सर्वांत आनंद त्यांना होतो. पुढे मुलगी मार खाते, नाथ आतून ढासळतात, तरीही अरुणच्या आत्मचरित्रावरच्या कार्यक्रमात जाऊन ते त्याची स्तुती करतात, आणि त्यावर ज्योतीच त्यांना जाब विचारते. विचार एकीकडे, अंगातली किळस दुसरीकडे, आणि किंमत भरणारी तिसरीच. एंजलशी नातं लागतं ते नाथांचं, अरुणचं नव्हे. मात्र नाटककाराने नाथांना आतून दाखवलं आणि अरुणला बाहेरूनच, असं मला वाटतं. त्या चित्रणावर दलित वर्तुळातून आक्षेप आले, ते वाचल्याशिवाय ही तुलना करू नका.

इथे एक धोक्याची घंटा. 'कन्यादान' आणलं की जात आली, आणि जात व वर्ग ही एकाच गोष्टीची दोन नावं नाहीत. टेसला दलित किंवा आदिवासी म्हणून वाचायचा मोह आपल्याकडे होतो. एंजलच्या वेगळ्या कपबशीवरून तर फारच होतो. पण त्या कपबशीत विटाळ नाही, मानाची उतरंड आहे. पैसा आणि शिक्षण आलं तर टेस त्या फळीपाशी बसू शकेल, निदान तशी कल्पना त्या समाजात करता येते. आपल्याकडे तेवढ्याने सुटत नाही. आणि निव्वळ वर्गच हवा असेल, तर तोही इथे जवळ आहे. डहाणू-तलासरीकडे सावकाराकडून लग्नासाठी कर्ज घेऊन आयुष्यभर त्याच्याकडे राबणाऱ्या वारल्यांना 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये १९४५च्या उठावाबरोबर ती पद्धत लिहून ठेवली आहे. लग्न हा जिथे कर्जाचा व्यवहार होता तिथे 'प्रेम की पैसा' ही मांडणीच हास्यास्पद होते. आजही दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं पाहिली की फ्लिंटकूम्ब-अ‍ॅशच्या दगडाळ शेतात बर्फात कंद खणणारी टेस फार लांबची वाटत नाही.

मग सिनॉप्सिसमध्ये प्रश्न कसा लिहाल? 'एंजलचं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व: एक अभ्यास' हे शीर्षक खोडा. त्याऐवजी असं काही: टेस आणि एंजल या दोघांचा दुभंग वर्गाच्या कोणत्या खुणांमधून दिसतो, म्हणजे भाषा, जेवणाची जागा, पादत्राणं, आडनाव, आणि त्या खुणा कोण टाकू शकतं, कोण नाही. सोबत हार्डीचा १८८३चा 'द डॉर्सेटशर लेबरर' हा लेख घ्या, कादंबरीच्या आधीचा आहे आणि मजुरांच्या स्थलांतराबद्दल आहे. हार्डी स्वतः गवंडीकाम करणाऱ्या बापाचा मुलगा, बायको त्याच्याहून वरच्या घरची. पण चरित्राला प्रबंधाचा खांब करू नका, टेकू पुरे.

समिती आणखी एक विचारेल: शेवटी एंजल सुधारतो, त्याचं काय? सुधारतो. ब्राझीलमध्ये तापातून उठलेला असताना एक परका सहप्रवासी त्याला सांगतो की तिचं आधी काय झालं त्यापेक्षा ती पुढे कशी वागेल हे मोठं, आणि तू तिला सोडलंस हे चुकलं. तो माणूस लगेच तापाने मरतो आणि त्याचं बोलणं एंजलच्या मनात घर करतं. हेच टेसने त्याच्या पायाशी बसून सांगितलं होतं. नंतर पत्रांतही लिहिलं होतं. त्याला ते पटतं एका शिकल्यासवरलेल्या, जग फिरलेल्या पुरुषाच्या तोंडून ऐकल्यावर. आणि शेवटच्या पानावर, फाशीचा काळा झेंडा वर गेल्यानंतर, तो टेसची धाकटी बहीण लिझा-लू हिचा हात धरून चालू लागतो. टेसनेच तसं मागितलं होतं. लिझा-लू टेससारखीच दिसते, पण अधिक सडपातळ, अधिक निर्मळ, असं हार्डी लिहितो. तिच्या तोंडी त्या पानावर एकही शब्द नाही, त्यामुळे ती कुठली भाषा बोलते हे आपल्याला ऐकू येत नाही.